आठवण अंगात येते तेव्हा : हैतीचा वारसा, देशांतर आणि व्हिडिओ-सादरीकरणाची कला

दूरस्थ

माँट्रियाल शहरात आम्ही ज्या इमारतीत राहतो, तिच्या तळमजल्यावर हैतीहून सत्तरच्या दशकात आलेल्या एक आजी राहतात. त्यांच्याकडे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सतरा कॅसेट आहेत. त्या गाण्यांच्या नाहीत, ती पत्रे आहेत. गावी राहिलेल्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून ती शेजारच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायची आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट धाडायची. त्या पिढीतील हैतीच्या असंख्य कुटुंबांत असाच पत्रव्यवहार चाले. आजींनी एकदा एक कॅसेट मला ऐकवली. क्रेयोल भाषा मला येत नाही. परंतु बोलण्याच्या मागे कोंबडा आरवत होता आणि कोणीतरी उखळात काहीतरी कुटत होते, हे समजायला भाषेची गरज नव्हती. त्या घराचे छायाचित्र मात्र आजींकडे एकही नाही. घराचा आवाज आहे, रूप नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की मिर्याम शार्ल या माँट्रियालच्या हैतीवंशीय दिग्दर्शिकेचा ‘सेत मेझाँ’ (‘हे घर’) हा २०२२ साली बर्लिन महोत्सवाच्या फोरम विभागात दाखवला गेलेला चित्रपट पाहिला, आणि तो नेमका याच फटीवर उभा आहे असे जाणवले. त्यांच्या नात्यातील एक चौदा वर्षांची मुलगी २००८ साली अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे मरण पावली. चित्रपटात ती मुलगी मोठी झालेली दिसते, म्हणजे जगली असती तर जशी असती तशी. एक प्रौढ अभिनेत्री तिची भूमिका करते आणि आईशी बोलते. खोल्या स्टुडिओत उभारलेल्या आहेत आणि त्या उभारलेल्या आहेत हे लपवलेले नाही. मध्येच हिरवेगार डोंगर येतात. ते हैतीचे आहेत की हैतीच्या आठवणीचे, हे चित्रपट सांगत नाही. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवरील चित्र एकीकडे चालते, निवेदनाचा आवाज दुसरीकडे, आणि दोन्हींचा सांधा मुद्दाम जुळवलेला नाही.

हैतीवंशीय कलावंतांच्या व्हिडिओ आणि सादरीकरणाच्या कामांत ही न जुळणारी शिवण मला वारंवार दिसते. देश सोडून गेलेल्यांना तिथे ‘द्यास्पोरा’ म्हणतात, आणि हा शब्द एकट्या माणसालाही लावतात : ‘तो एक द्यास्पोरा आहे’. त्यात थोडा आदर असतो, थोडा टोमणाही. राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी परदेशस्थांना देशाचा ‘दहावा प्रांत’ म्हटले होते, कारण तेव्हा प्रांत नऊच होते. पुढे २००३ साली निप हा खराखुरा दहावा प्रांत निर्माण झाला आणि परदेशस्थ अकराव्या क्रमांकावर सरकले! माझा प्रश्न असा, की नकाशावर नसलेल्या या प्रांताची स्मृती कॅमेऱ्यात कशी धरावी? जाणकारांनी लिहावे.

कातळशिल्प

धागा आवडला. मी सिंधुदुर्गाचा, त्यामुळे माझी वाट थोडी वेगळीकडून येते.

हैतीच्या व्होडू धर्माविषयी लिहिताना इंग्रजी लेखकांची फार ओढाताण होते, कारण देव माणसाच्या देहात उतरतो या घटनेसाठी त्यांच्याकडे जे शब्द आहेत त्यांत भुताखेतांची आणि वेडाची छटा आधीच मिसळलेली असते. आपल्याकडे ‘अंगात येणे’ हा साधा, रोजचा शब्द आहे. आमच्याकडे ‘अवसर येणे’ म्हणतात. ज्याच्या अंगात येते त्याला मराठीत ‘झाड’ म्हणतात आणि हैतीत ‘श्वाल’ म्हणजे घोडा. देव, म्हणजे तिथला ‘ल्वा’, घोड्यावर स्वार होतो. आपल्याकडे तो झाडावर येऊन बसतो किंवा वाऱ्यासारखा त्यात घुमतो. दोन्ही ठिकाणी माणूस फक्त बसण्याची जागा आहे. तो स्वतः काही बोलत नाही, आणि नंतर त्याला काही आठवतही नाही.

आता व्हिडिओकडे येतो. प्रयोगशील चित्रपटांची अमेरिकन दिग्दर्शिका माया डेरेन १९४७ साली गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या आधाराने हैतीला गेली, ती तिथल्या नृत्यावर चित्रपट करण्यासाठी. तिने पुष्कळ चित्रण केले, परंतु तो चित्रपट तिच्या हातून पुरा झाला नाही. त्याऐवजी १९५३ साली तिचे पुस्तक आले. त्याच्या शेवटच्या प्रकरणात एर्झुली ही देवता तिच्या स्वतःच्या अंगात येते तो अनुभव आहे, आणि त्याला तिने ‘पांढरा काळोख’ असे नाव दिले आहे. १९६१ साली ती गेली. फिल्मच्या रिळांतून पुढे इतरांनी चित्रपट जुळवला आणि त्याला तिच्याच पुस्तकातील मजकुराचे निवेदन जोडले.

यातील विसंगती पाहा. जिने आयुष्यभर कॅमेऱ्यावर विश्वास ठेवला, तिच्या सर्वांत महत्त्वाच्या क्षणाचे चित्रण असणे शक्यच नव्हते; ती स्वतः तेव्हा घोडा झालेली होती, आणि घोड्याच्या हाती कॅमेरा नसतो. म्हणूनच मला वाटते की या विषयात सादरीकरण आधी येते आणि व्हिडिओ त्याच्यामागून धापा टाकत जातो.

नेपथ्य

मी माहितीपट करतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणे माझे कर्तव्य आहे; तरीही आधी कॅमेऱ्याविरुद्धची साक्ष नोंदवतो.

राजधानी पोर्तोप्रँसमध्ये ग्रां-रू नावाचा रस्ता आहे. लाकडावर कोरीवकाम करणारे आणि मोटारी दुरुस्त करणारे कारागीर तिथल्या गल्ल्यांत राहत. आंद्रे युजेन, जाँ एरार सेल्योर आदी शिल्पकारांनी तिथे ‘आतिस रेझिस्तांस’ हा गट उभा केला. जुने टायर, मोटारींचे सुटे भाग, फुटके संगणक आणि माणसांच्या खऱ्या कवट्या एवढ्या सामानातून ते व्होडू देवतांची शिल्पे करतात. २००९ साली त्यांनी आणि छायाचित्रकार लिआ गॉर्डन यांनी ‘घेटो बिनाले’ सुरू केली, म्हणजे गरीब वस्तीतच दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन. तिचे बोधवाक्यच प्रश्नार्थक होते : पहिल्या जगाची कला तिसऱ्या जगाच्या कलेवर घासली, तर रक्त येते का?

उत्तर मिळायला फार वेळ लागला नाही. परदेशातून येणारे पाहुणे कलावंत गळ्यात महागडे कॅमेरे अडकवून वस्तीत फिरत. यजमान कलावंतांकडे तशी साधने नव्हती, आणि त्यांची घरे, मुले, कोंबड्या हे सगळे दुसऱ्याच्या कलाकृतीचा कच्चा माल होऊ लागले. तेव्हा २०१३ सालच्या बिनालेत भिंगातून होणाऱ्या सगळ्याच कामांना बंदी घालण्यात आली. छायाचित्र नाही, व्हिडिओ नाही. जे करायचे ते हातांनी आणि अंगाने. संस्थापकांमध्ये स्वतः एक छायाचित्रकार असताना असा निर्णय व्हावा, याचे मला आजही कौतुक वाटते. (आमच्या क्षेत्रातील किती जण अशी बंदी मुकाट पाळतील, हा प्रश्न इथे न विचारलेला बरा.)

याच गटाला २०२२ साली जर्मनीत कासेलच्या पंधराव्या डॉक्युमेंटात, म्हणजे समकालीन कलेच्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, सेंट कुनिगुंडिस हे कॅथलिक चर्च प्रदर्शनासाठी मिळाले. कवट्यांची शिल्पे वेदीसमोर उभी राहिली. ती पाहायला आलेले बहुतेक लोक अर्थातच मोबाइलवर चित्रण करत होते.

कातळशिल्प यांच्या विधानात मात्र एक भर घालायला हवी. माया डेरेनच्या आधी दहा-बारा वर्षे, १९३५-३६ साली, कॅथरिन डनहॅम ही कृष्णवर्णीय नर्तकी आणि मानवशास्त्राची विद्यार्थिनी हैतीत गेली होती. तिनेही चित्रण केले. ते आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. परंतु तिच्या दृष्टीने ते चित्रण म्हणजे वही होती, कलाकृती नव्हे. कलाकृती तिने नर्तकांच्या देहांतून घडवली आणि त्यातून नृत्यशिक्षणाची एक पूर्ण पद्धतच उभी केली. १९९१ साली आरिस्तीद यांची सत्ता उलथवली गेली, हजारो माणसे होड्यांतून निघाली आणि अमेरिकेने त्यांना समुद्रातच अडवून क्यूबातील ग्वांतानामोच्या आपल्या लष्करी तळावर नेले किंवा परत पाठवले. १९९२ साली डनहॅमने त्याविरुद्ध ४७ दिवस उपोषण केले. तेव्हा तिचे वय ८२ होते. मी तिची ही कृती तिच्या सादरीकरणांच्या यादीतच धरतो. कोणाला ते अतिशयोक्त वाटले तरी माझी हरकत नाही.

ओवी

नेपथ्य यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, आणि त्याच धाग्यावर जिना अथेना युलिस यांचे नाव घ्यावेसे वाटते. त्या हैतीतील पेत्योंव्हिल येथे जन्मल्या, अमेरिकेत वाढल्या, मानवशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, आणि मंचावर त्या तो प्राध्यापकीपणा अर्ध्यावर सोडून देतात. व्होडूतील गाणी, लहानपणीच्या आठवणी, इतिहास आणि बातम्यांतील वाक्ये असे सगळे त्या एकाच दमात आणतात. एक वाक्य पुरे होण्याआधी गाणे मध्ये घुसते, आणि गाणे रंगात येते न येते तोच एखादी कोरडी बातमी त्याला कापते. ऐकणाऱ्याला सुरुवातीला वाटते की बाईंचा सूर हरवला आहे. मग उमगते, की कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात जाताना जी वाट गुळगुळीत करून ठेवतो, ती इथे हेतुपुरस्सर उखडलेली आहे.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर जगभरच्या दूरचित्रवाणीवर ढिगारे आणि प्रेते दिवसरात्र दाखवली गेली. युलिस यांचे तेव्हापासूनचे म्हणणे असे, की हैतीला नव्या कथनांची गरज आहे, कारण जुनी कथने त्या देशाकडे केवळ मदतीचा विषय म्हणून पाहतात. ज्या गुलामांनी १८०४ साली फ्रान्सला हरवून स्वतंत्र देश स्थापन केला, त्यांच्याकडूनच १८२५ साली फ्रान्सने मळेवाल्यांच्या ‘नुकसानभरपाई’पोटी १५ कोटी फ्रँक मागितले, ही गोष्ट ‘पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब देश’ या ठरीव वाक्याच्या शेजारी कधी येत नाही. (ती रक्कम १८३८ साली नऊ कोटींवर आणली गेली, तीही फेडायला पिढ्या गेल्या.)

त्यांनी क्रेयोलमधील ‘रासांब्लाज’ हा शब्द कलाव्यवहारात आणला. माणसे, वस्तू, कल्पना आणि आत्मे यांना एकत्र बोलावणे, असा त्याचा अर्थ. ‘मेळा’ म्हणावे तर हरवलेले परत गोळा करण्याची छटा सुटते, आणि ‘जुळवाजुळव’ म्हटले तर आत्मे बाहेर राहतात. कोणाला अचूक प्रतिशब्द सुचल्यास सांगावा.

माजघर

चर्चा अमेरिका आणि युरोपातील देशांतराभोवती फिरते आहे, म्हणून सर्वांत जवळच्या देशांतराकडे लक्ष वेधते. हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक ही एकाच बेटाची दोन अंगे आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये हुकूमशहा त्रुहियो याच्या आज्ञेवरून सीमेलगतच्या हजारो हैतियनांची कत्तल झाली. सैनिक कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्सलीची जुडी दाखवून तिचे स्पॅनिश नाव उच्चारायला लावत, आणि ‘पेरेहिल’मधील र ज्याच्या जिभेवर स्पॅनिश पद्धतीने उमटला नाही तो हैतियन ठरे, असे सांगितले जाते. म्हणजे एका अक्षराच्या उच्चारावर जीव जायचा. तिथून पुढे २०१३ पर्यंत या: सप्टेंबरमध्ये डोमिनिकन घटनात्मक न्यायालयाने, कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांची १९२९ नंतर त्या देशात जन्मलेली मुले नागरिक नाहीत, असा निकाल दिला, आणि हैतीवंशीयांच्या कित्येक पिढ्या एका दिवसात परक्या ठरल्या.

या पार्श्वभूमीवर कार्मादाव्हिस या डोमिनिकन कलावंताचे ‘एस्त्रुक्तुरा कोंप्लेता’ (‘पूर्ण रचना’) हे २०१० सालचे व्हिडिओकाम पाहावे. एक अंध डोमिनिकन पुरुष आणि चालू न शकणारी एक हैतियन स्त्री. तो तिला उचलून घेतो आणि सांतो दोमिंगोच्या रस्त्यांवरून चालतो. ती त्याला वाट सांगते. गर्दी आहे, गाड्या आहेत, पदपथाच्या कडा आहेत. एवढेच.

आपल्याला हे ओळखीचे वाटेल, कारण ‘अंधपंगुन्याय’ आपल्या बोलण्यात आहेच. परंतु न्यायात दोघेही नुसते दृष्टांत असतात, त्यांना घाम येत नाही. इथे तो दमतो, तिला सावरून धरताना त्याचा हात घसरतो, आणि तिच्या एका चुकीच्या शब्दाने दोघेही पडू शकतात हे प्रत्येक पावलाला दिसते. शिवाय व्हिडिओत ही दोन विशिष्ट राष्ट्रांची माणसे आहेत, हे विसरता येत नाही. मला हे काम थोर वाटते, तरी एक अस्वस्थता आहे ती नोंदवते: दोघांच्या व्यंगाचा असा उपयोग करणारा कलावंत तिसराच आहे, आणि वहन करणारा डोमिनिकन आहे, वाहिली जाणारी हैतियन.

नेपथ्य

माजघर, तुमची अस्वस्थता रास्त आहे. मात्र दिसते तिलाच, हेही त्यात आहे. वाट तिच्या हाती आहे.

कातळशिल्प

एक शंका. वर आलेली सगळी उदाहरणे कत्तल, भूकंप, उपोषण, मृत्यू अशीच आहेत. हैतीच्या वारशात हसू नाही काय? तिथले व्होडूचे पुजारी जमिनीवर मक्याच्या पिठाने ‘व्हेव्हे’ नावाच्या आकृती काढतात, तेवढे मी पाहिले आहे. बोटांच्या चिमटीतून पीठ सोडण्याची पद्धत थेट आपल्या रांगोळीसारखी दिसते.

माजघर

हसू भरपूर आहे, आणि ते बोचरे आहे. जाकमेल या किनाऱ्यावरच्या गावी कार्निव्हलमध्ये ‘शालोस्का’ नावाचे सोंग निघते: लष्करी कोट, कागदाच्या लगद्याचा मुखवटा, मोठे लाल ओठ आणि त्यांतून बाहेर आलेले राक्षसी दात. १९१५ साली राजकीय कैद्यांच्या कत्तलीला कारण ठरलेला अधिकारी शार्ल ऑस्कर, याच्या नावाचेच हे रूप आहे. या कत्तलीपाठोपाठ अमेरिकन सैन्य उतरले ते १९३४ पर्यंत राहिले. तो अधिकारी इतिहासाच्या पुस्तकात एका परिच्छेदापुरता उरला असेल. जाकमेलच्या रस्त्यावर मात्र दरवर्षी शालोस्कांची टोळी येते आणि पोरे त्यांना चिडवतात. ‘लान्सेत-कोद’ हे दुसरे सोंग : कोळशाची पूड आणि उसाची काकवी अंगाला फासलेले, डोक्यावर शिंगे लावलेले, हातात दोर घेतलेले पुरुष गर्दीवर धावून जातात आणि तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळा ठसा उमटवून निघून जातात. गुलामगिरी म्हणजे काय हे सांगायला कोणत्याही कलादालनाला यापेक्षा कमी शब्द लागलेले नाहीत.

रांगोळीविषयी: पीठ सोडण्याची चिमूट सारखी दिसते हे खरे, परंतु आपण रांगोळी ओलांडून जातो, कोणाचा पाय पडला तर हळहळतो. व्हेव्हे तर विधी चालू असताना नाचणाऱ्यांच्या पायांनी पुसली जाते. देव आला की तिचे काम झाले.

ओवी

ब्रुकलिनमधील उदाहरण जोडते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत हैतीत ‘रारा’ मिरवणुका निघतात. बांबूच्या पोकळ नळीला ‘वाक्सीन’ म्हणतात. एका नळीतून एकच स्वर निघतो, त्यामुळे एकट्याला कोणतीच चाल वाजवता येत नाही. चार-पाच जणांनी आपापला स्वर नेमक्या वेळी सोडला तरच चाल तयार होते. नव्वदच्या दशकापासून न्यूयॉर्कच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये उन्हाळी रविवारी रारा जमू लागली. इथे बांबू कोण आणणार? प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडेही चालून जातात. ज्यांच्या घरी फ्रेंच बोलण्याचा आणि व्होडूपासून चार हात दूर राहण्याचा आग्रह होता, अशी मुलेही तिथे येऊन ते वाजवायला शिकली. देशात जे ‘खालच्या लोकांचे’ म्हणून टाळले, ते परदेशात वारसा ठरले. हा प्रकार मराठी माणसाला समजावून सांगावा लागेल असे वाटत नाही.

दिग्दर्शिका शर्ली ब्रुनो यांचा ‘अॅन एक्स्कव्हेशन ऑफ अस’ (२०१७) हा लहानसा चित्रपटही पाहावा. १८०२ साली क्रेत-आ-पिएरोच्या किल्ल्यावर फ्रेंचांविरुद्ध लढलेल्या मारी-जान हिच्या नावाची एक गुहा दक्षिण हैतीत आहे; त्या गुहेत नेपोलियनच्या सैन्याच्या सावल्या हलतात. जिचे एकही विश्वसनीय चित्र उपलब्ध नाही तिचा चेहरा कल्पनेने रंगवण्यापेक्षा सावली बरी, हा निर्णय मला फार योग्य वाटला.

दूरस्थ

सर्वांचे आभार. कातळशिल्प म्हणतात तसा व्हिडिओ मागून धापा टाकत जातो हे मान्य. परंतु वर आलेल्या चांगल्या कामांमध्ये तो धापा टाकताना दिसतो, मागे पडल्याचे लपवत नाही. स्टुडिओतील घर, गुहेतील सावली, उखडलेले गाणे ही सगळी त्याचीच रूपे आहेत. ज्या कामांत सफाईदार निवेदन सगळे समजावून सांगते ती मला आता अधिकच खोटी वाटू लागली आहेत, आणि माया डेरेनच्या चित्रपटाला नंतर जोडलेले निवेदनही त्याला अपवाद नाही.

आता कॅसेटविषयी थोडे. आजींची नात कला शिकते. तिने गेल्या आठवड्यात सतरापैकी नऊ कॅसेटचे डिजिटल रूपांतर करून घेतले. दोन कॅसेटच्या फिती चिकटल्या होत्या. पेन्सिल घालून हळूहळू सोडवाव्या लागल्या. आजी त्या ऐकताना त्यांचे चित्रण करावे, असे तिच्या मनात होते. आजींनी चेहरा दाखवायला साफ नकार दिला. शेवटी स्वयंपाकघराचे टेबल, त्यावरचा डबा आणि आजींचे भोपळा चिरणारे हात एवढेच चौकटीत घ्यायचे ठरले. भोपळा १ जानेवारीच्या ‘सूप जूमू’साठी, मळेवाल्यांच्या ताटातले हे सूप गुलामांना निषिद्ध होते, म्हणून स्वातंत्र्यदिनी ते घरोघर शिजते. नातीने ध्वनिमुद्रण स्वच्छ करताना मागचा गोंगाट काढून टाकला होता. आजींनी ते एकदा ऐकले, चाकू खाली ठेवला आणि सांगितले, की कोंबडा परत घाल.

ओवी

मग घातला का?

दूरस्थ

घातला. उखळही.